वही, तक्ता आणि दप्तर



हिशेब हा पेढीवरच्या गादीचा विषय, व्याख्यानाचा नव्हे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, राजकारणावर तर कोणी न विचारताही बोलावे. पण जमाखर्चावर काय बोलावयाचे? ही समजूत एके काळी ठीक होती. वही दुकानदाराची, ती त्याच्या गल्ल्याशेजारी राही आणि तिचे बरेवाईट त्याचे तो पाही. आज स्थिती तशी उरलेली नाही. या मंडपात बसलेल्या प्रत्येकाचे नाव पतसंस्था, सोसायटी, शाळा, दवाखाना, गॅस एजन्सी आणि किराणा दुकान मिळून दहावीस याद्यांत आहे, आणि त्यांतल्या बहुतेक याद्या आता संगणकात आहेत. आपण कोणाचे किती देणे लागतो आणि कोण आपले किती लागतो, हे त्या याद्या सांगतात. आणि त्या सांगतात तेच खरे धरले जाते. तेव्हा याद्या ठेवावयाच्या कशा, हा प्रश्न कारकुनापुरता न राहता सर्व नागरिकांचा झाला आहे. म्हणूनच तो आम्ही आज आपणापुढे मांडीत आहोत.

संगणकात नोंदी ठेवण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली शीटची. आपण सारे तिला सरसकट 'एक्सेल' म्हणतो, मग ती कोणत्याही कंपनीची असो. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्या छेदातली चौकट. त्या चौकटीत आकडा लिहा, नाव लिहा, नाही तर सूत्र लिहा. हिला आम्ही तक्ता म्हणू. दुसरी तऱ्हा डेटाबेसची. तिला आम्ही दप्तर म्हणू. दप्तराला जसा दप्तरदार असतो आणि त्याच्या हातूनच कागद आत जातो व बाहेर येतो, तसा डेटाबेसमध्येही एक न दिसणारा दप्तरदार बसलेला असतो. बाहेरून पाहता दोन्हीकडे ओळी आणि रकानेच दिसतात. त्यामुळे कित्येकांना वाटते, की दप्तर म्हणजे मोठा तक्ता आणि तक्ता म्हणजे लहान दप्तर. हा समज बरोबर नाही. फरक आकाराचा नाही, कामाचा आहे. तक्ता हे विचार करण्याचे साधन आहे. दप्तर हे साक्ष ठेवण्याचे साधन आहे. आम्हाला आज सांगावयाचे ते एवढेच. बाकीचा सारा त्याचा विस्तार.

दोहोंचा जन्म पाहिला म्हणजे हा फरक ध्यानात येतो. संगणकाच्या पूर्वीही हिशेबनीस मोठमोठ्या आखीव कागदांवर आकडे पसरून मांडीत. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. फळ्यावर मांडलेल्या तक्त्यातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे तो पाहत होता. हे पुसणे-लिहिणे यंत्रानेच का करू नये? या कल्पनेतून त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले, आणि १९७९ मध्ये ते अ‍ॅपल-२ या संगणकासाठी बाजारात आले. पुढे १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. भाव दोन रुपयांनी वाढला तर नफा किती होईल, कर्ज पाच वर्षांऐवजी सात वर्षांत फेडले तर व्याज किती पडेल, अशा 'जर-तर'च्या प्रश्नांसाठी तक्ता जन्माला आला. तो सुधारलेला फळाच होय. आणि फळ्याचा गुण असा, की त्यावर लिहिलेले सहज पुसता आले पाहिजे.

दप्तर निघाले ते वेगळ्या गरजेतून. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती काम करीत. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहितीचे मोठे आणि सामाईक साठे कसे मांडावेत, हा त्याचा विषय. यातला 'सामाईक' हा शब्द महत्त्वाचा. एकाच माहितीवर अनेक माणसे एकाच वेळी काम करणार. ती एकमेकांना ओळखतही नसणार. एकाने आज लिहिलेले दुसरा दहा वर्षांनी वाचणार. अशा वेळी काय करावे? कॉड यांचे उत्तर थोडक्यात असे : माहिती साध्यासाध्या याद्यांत विभागा, याद्यांचे नाते त्यांतल्या सामाईक रकान्याने जोडा, आणि ती माहिती आत कोठे, कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्यावर टाकू नका. या कामगिरीबद्दल कॉड यांना १९८१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

हे उत्तर आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने तो कीर्दीत लिहावयाचा, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा, आणि कीर्दीतल्या ओळीशेजारी खातेपानाचा क्रमांक टाकावयाचा. तो क्रमांक म्हणजे दोन याद्यांना जोडणारा धागा. कीर्दीत चूक झाली तर चांगला मुनीम ती खरवडून काढीत नसे. दुरुस्तीची वेगळी नोंद घालीत असे. कॉड यांच्या निबंधात जे गणिताच्या भाषेत आहे, त्यातले पुष्कळसे मर्म या शिरस्त्यात आहे.

आता एक साधे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी बियाण्यांचे आणि खतांचे एक दुकान आहे असे समजा. मालकाने तक्ता केला : तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन, माल, नग, दर, रक्कम, जमा, बाकी. पहिली दोन वर्षे तक्ता उत्तम चालतो. मग मुलगा दुकानात बसू लागतो, हाताखाली एक नोकर येतो, आणि नोंदी तीन हातांनी होऊ लागतात. एकच गिऱ्हाईक पहिल्या हाताने 'पाटील आर. जी.' होते, दुसऱ्याने 'पाटीलदादा' आणि तिसऱ्याने 'पाटील, मळ्यातले'. माणूस एक, पण तक्त्याच्या लेखी तिघे. त्यांचा फोन बदलला तर तो चाळीस ओळींत बदलावयाचा. बदलला जातो एकोणचाळीस ओळींत. एखादे दिवशी कोणी नावांचा रकाना तेवढा निवडून अकारविल्हे लावतो, शेजारचे रकाने जागच्या जागी राहतात, आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर जाते. यंत्राने मध्येच काही विचारले तर घाईत आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. त्या रात्री फाइल जपून ठेवली जाते, आणि चूक कायमची होते. पावसाळ्याच्या तोंडी उधारी मागावयास निघालेला मालक ज्याच्या दारात उभा राहतो, त्याने पैसे केव्हाच दिलेले असतात. मग दोन घरांत जे बोलणे बंद होते, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

शिवाय तक्ता कधी कधी आपल्याहून अधिक शहाणपणा करतो. खातेक्रमांकाच्या आरंभी शून्ये असली, तर तो त्याला संख्या समजून ती गाळून टाकतो. एक्सेलमध्ये पंधराहून अधिक आकड्यांची संख्या लिहिली, तर पंधराव्यापुढचे आकडे शून्य होतात. सोळा आकडी कार्डक्रमांकाचा शेवटचा आकडा असा जातो. रकाना मजकुराचा आहे असे आधी सांगून ठेवले तर हे टळते, पण ते सांगण्याची आठवण माणसाने ठेवावयाची. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. मानवी शरीरातल्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशा धर्तीची होती. तक्ता त्यांना १ मार्च आणि २ सप्टेंबर समजे. हा घोळ शोधनिबंधांतून इतका पसरला, की २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने शेवटी त्या जनुकांचीच नावे बदलली!

यावर हसता येते. पण त्याच वर्षी इंग्लंडात जे घडले त्यावर हसता येत नाही. करोनाची साथ भरात होती. तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी संस्थेकडे येत. ते एकत्र करण्यासाठी एक्सेलच्या जुन्या नमुन्याची फाइल वापरली जाई. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही, आणि एकेका तपासणीला अनेक ओळी लागत. ओळी संपल्या, पुढची नावे गळाली, आणि कोणाला पत्ता लागला नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित अशा रीतीने रोजच्या गणनेतून सुटले. ज्यांची तपासणी झाली त्यांना स्वतःचा निकाल कळला होता; परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांना गाठून सावध करण्याचे काम तेवढे दिवस अडून राहिले. वही भरली म्हणजे मुनीम दुसरी वही काढतो. शेवटच्या पानापुढची नावे तो हवेत लिहीत नाही. इथे तेच झाले. दोष तक्त्याचा म्हणावा, तर त्याने आपली मर्यादा कधीच लपवली नव्हती. विचार करण्याचे साधन साक्षीच्या कामाला जुंपले गेले, हा खरा दोष.

दप्तर याहून निराळे वागते ते कसे, हे आता पाहू. आपल्या दुकानदाराने दप्तर केले, तर त्यात गिऱ्हाइकांची यादी वेगळी, मालाची वेगळी, बिलांची वेगळी आणि वसुलीची वेगळी राहील. पाटलांचे नाव, गाव आणि फोन गिऱ्हाइकांच्या यादीत एकदाच. त्यांचा क्रमांक समजा २१७. बिलावर फक्त २१७. फोन बदलला तर एका जागी बदलावयाचा. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावयाची, हा दप्तराचा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की दप्तरदाराला 'नाही' म्हणता आले पाहिजे. यादीत नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावे बिल करू गेलात तर तो ते घेत नाही. तारखेच्या जागी नाव लिहिलेत तर परत करतो. आपण त्याला जे नियम आधी घालून दिले, ते तो मालकासही सोडीत नाही आणि नोकरासही सोडीत नाही.

तिसरा नियम व्यवहाराच्या पुरेपणाचा. पतसंस्थेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाच हजार रुपये वळवावयाचे आहेत. पहिल्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याच्या आत वीज गेली, तर ते पाच हजार कोणाचे? दप्तर म्हणते : व्यवहार पुरा झाला तर सगळा, नाही तर मुळीच नाही. वीज परत येताच ते अर्धवट वजाबाकी स्वतः मागे घेते. ही गोष्ट बोलावयास सोपी आणि करावयास फार अवघड आहे. तिच्यावर आयुष्यभर काम करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

चौथा नियम साक्षीचा. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली आणि बदलापूर्वी तीत काय होते, हे दप्तराला लिहून ठेवावयास लावता येते. आपल्या देशाच्या कायद्यानेही हे आता मानले आहे. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, की ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही.

हा चौथा नियम आपल्या शेतकऱ्यांना शिकवावा लागणार नाही. सातबाऱ्यावरचे नाव कोणाच्या सांगण्याने बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीला मुदत मिळते. अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. मगच नमुना सातवर नवे नाव चढते, आणि त्याच्याशेजारी फेरफाराचा क्रमांक राहतो. या पद्धतीत दिरंगाई नाही, की खेटे नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. पण तिचा पाया पाहा. नोंदीचा इतिहास नोंदीइतकाच जपला जातो. आता कोणी घरी आणलेल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पेनाने स्वतःचे नाव घातले, तर शेत त्याचे होत नाही. कारण उतारा वेगळा आणि मूळ दप्तर वेगळे. तक्ता आणि दप्तर यांचे नाते असेच असावे. नोंद दप्तरात करावी; हिशेब मांडून पाहावयाचा असेल तेव्हा दप्तरातून उतारा काढून तक्त्यात घ्यावा; त्यावर हवी तेवढी खाडाखोड करावी; पण तक्त्यातले पुन्हा दप्तरात ओतू नये.

यावरून आम्ही तक्त्याचे वैरी आहो असे कोणी समजू नये. तक्त्याने हिशेबाची भीती घालवली. ज्याला संगणकाची भाषा येत नाही अशा माणसालाही त्याने आपले आकडे आपण हलवून पाहण्याची शक्ती दिली. लग्नाचा खर्च, सहलीची वर्गणी, नव्या धंद्याचा अंदाज, पाच-दहा सभासदांच्या बचतगटाची एकहाती ठेवलेली यादी, यांसाठी तक्त्यासारखे साधन नाही. तिथे दप्तर मांडणे म्हणजे चहाच्या टपरीला चार्टर्ड अकाउंटंट नेमण्यासारखे होईल. मात्र विचार करतानाही ताळा हवा. राइनहार्ट आणि रोगॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली देशांचे कर्ज आणि त्यांची वाढ यांविषयी एक निबंध लिहिला. अनेक देशांत खर्चकपातीच्या वादात त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागून घेतला तेव्हा दिसले, की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या आहेत. निबंधावरचे त्याचे आणि त्याच्या प्राध्यापकांचे इतर आक्षेप याहून मोठे होते. पण सुटलेल्या ओळी दिसल्या त्या तक्ता उघडून दाखवला गेला म्हणून. सूत्र चौकटीच्या मागे लपलेले असते. कोणी तरी दुसऱ्याने ते उघडून पाहिलेच पाहिजे.

आणि दप्तर केले म्हणजे सत्य हाती आले, असेही नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकपद्धती आपल्या शाखांत बसवली. तीत दोष होते. शाखांच्या हिशेबात नसलेली तूट ती दाखवी. शाखा चालवणारे म्हणत, पैसे आम्ही घेतले नाहीत. यंत्र म्हणे, घेतले. आणि विश्वास यंत्रावर ठेवला गेला. ९०० हून अधिक जण गुन्हेगार ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार मोडले. त्या पद्धतीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ साली मान्य केले, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून शेकडो जणांवरचा कलंक पुसला. तोवर काही जण हयात राहिले नव्हते. तक्ता मुकाट चूक करतो. दप्तर चूक करते ते अधिकारवाणीने. म्हणून दप्तर जितके मोठे, तितका त्यात नाव असलेल्या माणसाला ते पाहण्याचा आणि त्यावर हरकत घेण्याचा हक्क मोठा असला पाहिजे.

मग तक्ता सोडून दप्तराकडे केव्हा वळावे? ओळी किती झाल्या हे मोजून याचे उत्तर मिळत नाही. स्वतःला चार प्रश्न विचारावेत. नोंद करणारे हात एकाहून अधिक आहेत काय? एकच गोष्ट आपण अनेक ठिकाणी लिहितो आहोत काय? काल काय लिहिले होते हे उद्या दाखवण्याची वेळ येईल काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न : या नोंदीवर दुसऱ्या कोणाचा पैसा, पगार, औषध किंवा हक्क अवलंबून आहे काय? यांपैकी एकाचे उत्तर 'होय' आले तर विचार सुरू करावा. चौथ्याचे 'होय' आले तर उशीर करू नये. 'यादी शेवटची', 'यादी शेवटची २', 'यादी खरी शेवटची' अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागल्या असतील, तर वेळ टळून गेली आहे असे समजावे.

खर्चाची सबब आता फारशी टिकत नाही. 'पोस्टग्रेस' आणि 'एसक्यूलाइट' यांसारखी उत्तम दप्तरे विनामूल्य मिळतात. त्यांतले दुसरे तर आपल्या प्रत्येकाच्या स्मार्टफोनमध्ये आजही काम करीत आहे. ज्या दुकानात 'टॅली' आहे तिथे हिशेबापुरते दप्तर आलेलेच आहे. खर्च आहे तो बुद्धीचा. याद्या कोणत्या, त्यांचे नाते काय, नियम कोणते, हे आधी बसून ठरवावे लागते, आणि ते समजणारा एक तरी माणूस संस्थेत असावा लागतो. नक्कल रोज दुसऱ्या जागी ठेवावी लागते. गोंधळलेला कारभार दप्तरात घातला तर गोंधळच व्यवस्थित लावून ठेवला जाईल, दुसरे काही होणार नाही.

व्यापाऱ्यांना, संस्थाचालकांना आणि सभासदांना आमची शेवटची विनंती एवढीच, की नोंद ही लिहिणाऱ्याच्या मालकीची आहे असे समजू नका. लिहिणारा ती पाहतो, मोजतो, पुसूही शकतो. जिच्यामुळे ज्याचे देणेघेणे ठरते, तो मात्र बहुधा टेबलाच्या पलीकडे उभा असतो आणि त्याला पडदा दिसत नाही. ठेवीदार विधवा, हजेरीवरचा मजूर, उधारीवर खत नेणारा शेतकरी, हे सारे त्या पलीकडच्या बाजूचे. स्वतःपुरता विचार करावयाचा असेल तेव्हा खुशाल तक्ता घ्यावा. दुसऱ्याची ठेव सांभाळावयाची असेल तेव्हा साक्ष ठेवणारे साधन घ्यावे. येत्या वार्षिक सभेत ताळेबंदाला हात वर करण्यापूर्वी आपण आपल्या संस्थेला विचारावे : आमच्या नोंदी कशात आहेत, त्या कोण बदलू शकतो, आणि बदलल्या तर कळते कसे? हे तीन प्रश्न विचारावयाला संगणक यावा लागत नाही. सभासद असावे लागते.